मांडवकर सरांचा न जुळणारा मासा

मांडवकर सरांना वेळ विचारायची नाही, हा आमच्या कॉलेजात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा पहिला सल्ला होता. विचारलीच, तर सर मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेत, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "ह्याच्याप्रमाणे पावणेअकरा झाले. त्याच्याप्रमाणे व्हायचेत. नक्की किती, ते नाही सांगता येणार." तोवर विचारणाऱ्याचा तास सुरू झालेला असे.

ते थट्टा करत नसत. त्यांना खरंच प्रश्न पडलेला असे. एखादी मुलगी घाबरत घाबरत विचारी, "सर, मी पास होईन ना?" सर गंभीर होत. "होशील असं वाटतं. पण न होण्याचीही काही कारणं दिसतात." मुलगी रडत माझ्याकडे येई. मी तिला पाणी देई आणि सरांना गाठून चार शब्द सुनावी. सर अपराधी चेहऱ्याने म्हणत, "मॅडम, पण पेपर अजून मी बघितलेलाच नाही. मग कसं सांगायचं?"

त्यांच्या लग्नाची गोष्ट तर वहिनी स्वतःच हसत हसत सांगत. मुलगी बघून झाल्यावर वडीलधाऱ्यांनी विचारलं, "पसंत?" तर हे म्हणाले, "एकदा बघून कसं कळेल?" वहिनींच्या वडिलांनी जोडे पायात घातले होते. पण वहिनींनी आतून निरोप धाडला, की हा माणूस निदान खोटं तरी बोलणार नाही, मला चालेल.

सर प्राणिशास्त्राचे आणि मी रसायनशास्त्राची. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मधे एक दार होतं. ते पावसाने फुगल्यापासून कधी नीट लागलंच नाही. त्यामुळे नोकरीची कितीतरी वर्षं मी सरांच्या माशांच्या वासात काढली. माझं माहेर पावसचं, आंब्या-नारळाचं. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि माझ्या नाकाशी रोज माशाची आतडी.

सरांचा विषय होता गोड्या पाण्यातले मासे. पाण्यात तांबं, शिसं, जस्त असल्या धातूंचा अंश उतरला, तर माशांच्या पोटातल्या पाचक रसांचं काय होतं, हे ते बघत. आता रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावात नदीतल्या माशाला विचारतो कोण? सुरमई-पापलेटाच्या राज्यात सरांचे मासे म्हणजे गरिबाघरचे पाहुणे. मच्छीबाजारातली म्हातारी त्यांना तोंडावर म्हणे, "सर, गोड्या पान्यातला म्हावरा तो काय म्हावरा? चिखल खाल्ल्यावानी!" सर तिच्याकडून बांगडे घेत आणि म्हणत, "चव वेगळी असते. वाईट असते असं नाही म्हणता येणार."

प्रयोगाच्या दिवशी सर बंदरावरून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घेऊन स्कूटरवरून येत. मागे रस्ताभर पाण्याची रेघ. माशाचं आतडं बर्फावर ठेवलेल्या खलात वाटायचं, त्याचा रस काढायचा, आणि हे सगळं गारठ्यातच करायचं, कारण रस कोमट झाला की बिघडला. त्या वेळी सर अगदी हळू आवाजात बोलत, जणू मोठ्याने बोलल्याने रस तापेल. काढलेला रस मग आमच्या दोघांच्या सामायिक फ्रिजमधे जाई. त्याच फ्रिजमधे प्राचार्य आपलं ताक ठेवत. एकदा बाटल्यांची अदलाबदल होता होता वाचली, तेव्हा मी सरांना फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाटलीवर कागद चिकटवलेला होता, "हे ताक नाही." मला बरं वाटलं. मग शेजारची प्राचार्यांची बाटली पाहिली. तिच्यावरही सरांच्याच अक्षरात कागद होता, "हे बहुधा ताक आहे."

अशा माणसाशी तुम्ही भांडणार कसं?

सरांचं गाव पालीच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून बरंच आत. गावात डोंगराच्या पायथ्याशी देऊळ आणि देवळाच्या भिंतीला लागूनच नदीतला खोल डोह. त्याला तिकडे कोंड म्हणतात. ह्या कोंडीतले मासे देवाचे. तिथे कुणी गळ टाकत नाही, पागाचं जाळं टाकत नाही. दर्शनाला येणारा माणूस मूठभर चुरमुरे नाहीतर घरचा भात आणतो आणि पायरीवर बसून पाण्यात टाकतो. आम्ही कॉलेजातली काही मंडळी एकदा सरांच्या घरी गेलो होतो, तेव्हा मी ते मासे पाहिले. मोठाल्या खवल्यांचे, काळपट पाठीचे, हातातला भात घ्यायला एकमेकांना ढकलणारे. एकाने माझं बोट तोंडात धरून पाहिलं आणि सोडून दिलं. मी किंचाळले. सर म्हणाले, "त्याला भात वाटला असेल." मग जरा थांबून, "किंवा नसेलही."

सरांच्या प्रयोगात एक अडचण होती. धातूंनी बिघडलेल्या माशांशी तुलना करायला निखळ स्वच्छ पाण्यातले मासे हवे होते. आणि सरांना कुठलंच पाणी पुरेसं स्वच्छ वाटेना. इथे वर भातशेती आहे, खत उतरत असेल. तिथे पुलाचं काम चालू आहे. त्या तिसरीकडे लोक गाड्या धुतात. शेवटी संशय न घेण्याजोगं पाणी त्यांना एकच सुचलं, देवाच्या कोंडीतलं. पण मासे देवाचे, मग देवाला विचारायला हवं. सरांनी गुरवाकडून कौल लावून घेतला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतात. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार.

मी सरांना चांगलंच चिडवलं. "भिंतीवरच्या घड्याळावर तुमचा विश्वास नाही आणि फुलावर आहे?"

"विश्वास आहे असं नाही, मॅडम," सर म्हणाले. "पण मासे त्याचे आहेत. न विचारता कसे न्यायचे?"

फूल उजवं पडलं. सरांनी ड्रममधे पाणी भरून थोडे मासे आणले, आणि कामाला लागले.

त्याच उन्हाळ्यात देवळाचं छप्पर बदललं. जुनी कौलं गळत होती. गावच्या आणि मुंबईच्या मंडळींची बैठक झाली. कुणी म्हणे रंगीत पत्रा घाला, कुणी म्हणे स्लॅब टाका. तिथे सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तांब्याचा पत्रा घाला. तांब्यासारखं शुद्ध काही नाही. दोन पिढ्या बघायला नको." मांडवकर सरांनी आयुष्यात छातीठोकपणे काढलेलं, माझ्या माहितीतलं, हे एकमेव वाक्य. गावाला ते पटलं. आपण तांब्यातलं पाणी पितो, देवाचं तीर्थ तांब्याच्या पळीतलं, मग देवाच्या डोक्यावर तांबं का नको? छप्पर झालं. उन्हात ते इतकं झळके, की वळणावरून येणारे एसटीतले लोक माना वळवून बघत. छपराचा मागचा उतार थेट कोंडीवर होता आणि पावसाचं पाणी पागोळ्यांनी कोंडीत पडे. देवाच्या माथ्यावरचं पाणी देवाच्या माशांना, म्हणून बायका त्या पागोळ्यांखाली तांबे धरत.

पुढच्या पावसाळ्यातच मासे वाळायला लागले. डोकी मोठी आणि अंग चपटं. भाताला येत, खात, पण अंगाला लागेना. मग एखादा कुशीवर होऊन काठाला लागलेला दिसे.

असाच एक मासा सरांनी बर्फात घालून आणला. मी मधल्या दारात नाकाला पदर लावून उभी होते. सरांनी त्याला चिरलं आणि वाकून आत बघतच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"या, बघा." आतडं भाताने भरलेलं होतं. शितं जशीच्या तशी होती, नुकतीच वाढल्यासारखी. "पोटभर जेवला आणि उपाशी मेला हो."

मला शाकाहारी बाईला त्या माशाचं इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "अरेरे, जठर भरलेलं आणि..."

"जठर नाही, मॅडम. ह्या माशांना जठर नसतं. सगळं आतड्यातच." त्या अवस्थेतही त्यांनी मला दुरुस्त केलंच.

गावाने मात्र कारण कधीच शोधून काढलं होतं. देवाच्या माशांना हात लागला. कुणाचा? सरांचा. आणि कौलाचं काय? लोक म्हणाले, देवानं उजवं दिलं ते परीक्षा बघायला. भाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. भाई म्हणजे सरांचे थोरले चुलतभाऊ, गावचे गावकर. देवळातला पहिला नारळ त्यांचा आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. फोनवर ते इतक्या मोठ्याने बोलत, की मला सगळं ऐकू येई. "बंडू, लोका बोलतायत रे. शिमग्याला पालखी तुज्या अंगनात न्यायची का न्हाय, ह्या ठरवायचा म्हनतायत."

आमच्या तालुक्याबाहेरच्या माणसाला हे वाचून काही वाटणार नाही, म्हणून सांगते. शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघर येते. वर्षभर देवळात आपण देवाकडे जातो, त्या दिवशी देव आपल्याकडे येतो. मुंबईतली माणसं गणपतीला एक वेळ चुकतील, पण पालखीला घर उघडून उभी राहतात. ज्या घरी पालखी जात नाही, ते घर त्या गावचं राहत नाही. सर लवकरच निवृत्त होणार होते. गावात त्यांनी छोटं घर बांधलं होतं, अंगणात जास्वंद लावली होती. राहायला जायचं ते ह्याच गावात, ह्याच लोकांत.

फोन ठेवून सर माझ्या टेबलाशी येऊन बसले. "मॅडम, गंमत बघा. मासे नेले मी. आणि तांबं सुचवलं तेही मीच. म्हणजे कसंही बघितलं तरी कारण मीच. पण दोन्हींतलं नक्की कुठलं? ते कळलं तर निदान मासे तरी वाचतील."

तोवर तांब्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. प्रयोगात ज्या तांब्याने मासे बिघडतात, तेच देवळावर सुचवताना सरांनाही आठवलं नव्हतं; आता आठवलं होतं, आणि ते त्यांना झोपू देत नव्हतं.

मग आम्ही दोघं मागे लागलो. कोंडीतलं पाणी मी तपासून घेतलं, त्यात काही म्हणण्यासारखं निघालं नाही. मी हिरमुसले. सर म्हणाले, पाऊस संपलाय, पाणी वाहून गेलं असेल, तळाचा गाळ बघूया. पागोळ्यांच्या खालचा गाळ आणला, आम्लात उकळला, गाळला, वरून अमोनिया घातला. परीक्षानळीत असा सुरेख गडद निळा रंग उतरला, की मी टाळीच वाजवली. तांबं! शाळेतल्या पोरालाही कळेल असं.

सर त्या निळ्याकडे बघत राहिले. "तांबं आहे, हे खरं," ते म्हणाले. "पण ते माशांच्या पोटात गेलं कशावरून?"

त्यांनी आपल्या बाजूने सुरुवात केली. देवळाच्या वरच्या अंगाला नदीत असलेले धट्टेकट्टे मासे एकीकडे, कोंडीतले मरायला टेकलेले दुसरीकडे. ते मरणोन्मुख मासे भाई स्वतः डब्यात घालून पालीपर्यंत आणून देत. गावात कुणी विचारलं तर म्हणत, बंडूला जेवायचा डबा नेतोय. प्रयोग बघायला मलाही आवडे. माशाच्या रसात तांदळाच्या पिठाचं पाणी घालायचं आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातला थेंब आयोडिनवर टाकायचा. पीठ शिल्लक असेल तर थेंब काळा-निळा होतो. पचलं असेल तर होत नाही. वरच्या माशांचे थेंब हळूहळू फिके पडत गेले. कोंडीतल्यांचे काळे ते काळेच. एक मासा, दुसरा, तिसरा. मी मनातल्या मनात सरांच्या अंगणात पालखी नाचवायला सुरुवात केली होती.

आणि मग तो मासा आला. तसाच वाळलेला, तसाच मोठ्या डोक्याचा, त्याच कोंडीतला. त्याच्या रसाने पीठ वरच्या माशांपेक्षाही भराभर पचवलं.

सरांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"सोडून द्या हो त्याला," मी म्हटलं. "बाकीचे सगळे जुळतायत ना?"

"सोडून कसा देऊ? तो पचवत होता."

"मग वाळला का?"

"तेच तर कळत नाही." आणि सर सुरू झाले. कदाचित तो पुरात वरून आलेला नवा मासा असेल. कदाचित अगदी थोड्या तांब्याने रस आधी जोर धरत असेल आणि मग ढेपाळत असेल, असंही होतं म्हणतात. कदाचित बाकीचे मासे अर्धमेले होते म्हणूनच त्यांचा रस मंद असेल, तांब्याचा संबंधच नसेल. शिवाय नुसता भात खाऊन कुणाचं पोषण होतं का? माणसं फार खायला घालतात, हेही एक.

मी वैतागले. "सर, तुम्ही नक्की कुणाचे वकील आहात? तुमच्या बाजूने बोलणारं हे तांबं एकच तर आहे, त्याचीच तुम्ही उलटतपासणी घेताय!"

ते हसले नाहीत. खलात आतडं तसंच ठेवून खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्यांची दया आली. चीडही आली.

दिवाळीच्या सुमारास सर निवृत्त झाले. तुळशीची लग्नं झाल्यावर गावाने देवळात बैठक घेतली. सरांनी मला बरोबर बोलावलं, निळी परीक्षानळी दाखवायला. मी गेले. देवळात पुरुष बसले होते, मला एका बाजूला खुर्ची दिली, चहा दिला. मी गाळाचं सगळं समजावून सांगितलं. नळी हातोहात फिरली. म्हाताऱ्यांनी ती उजेडात धरून पाहिली. छपराला सुंदर दिसणारी वस्तू तळाला जाऊन असं करते, हे पटत होतं आणि पटत नव्हतं. एक जण म्हणाला, "तांब्याचा पानी आमी पितो, आमाला काय न्हाय झाला." दुसरा म्हणाला, "तू काय पान्यात ऱ्हातोस?"

मग भाई सरांकडे वळले. "बंडू, तू शिकलेला मानूस. आमाला बाटल्या-बिटल्या समजत न्हायत. एका शब्दात सांग. पत्र्याच्या पान्यान ह्या झाला, होय का न्हाय?"

भाईंनी ताटात वाढून दिलं होतं. सरांनी 'होय' म्हणायचं, मासे नेल्याचा ठपका पुसला जाणार, पालखी अंगणात येणार.

"भाई, बहुतेक होय," सर म्हणाले.

"बहुतेक नको. होय का न्हाय?"

सर उठून उभे राहिले. एकदा देवाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एक मासा तसा नव्हता रे, भाई. तो कसा काय, ता मला अजून समाजला न्हाय. तवर होय कसा म्हनू?"

देवळात कुजबुज सुरू झाली. मी डोक्याला हात लावला. भाई तरी काय करणार! त्यांनी गुरवाला खूण केली. छपराचं पाणी पन्हळीने कोंडीबाहेर काढावं का, हे देवालाच विचारायचं ठरलं. फुलं लागली. भाईंनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! तुज्या कोंडीतली मासली सुकली. तुज्या छपराचा पानी तेंच्यावर पडू नये, असा ह्या लेकरू म्हनताय. तुला पटत आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." सगळे एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा!"

आम्ही वाट बघत बसलो. फुलं हलेनात. पुन्हा गाऱ्हाणं झालं. समईत तेल घालून झालं. बाहेर गुरं घरी परतली. उजवंही नाही आणि डावंही नाही. असं गुरवाच्याही बघण्यात क्वचित आलं होतं.

शेवटी भाई उठले. "देव पन आज बंडूवानीच बोलतोय," ते म्हणाले, आणि त्या ताणात सगळे एकदम हसले. सरसुद्धा. मग भाईंनी निवाडा केला. "देवानं न्हाय म्हटला न्हाय. तवा पन्हळ बांधा, येत्या पावसात काय ता दिसंल. आनि तवर पालखी बंडूच्या अंगनात न्हाय." शेवटचं वाक्य त्यांनी सरांकडे न बघता म्हटलं.

परतताना मी सरांवर तोंड सोडलं. एक 'होय' म्हणायला काय झालं होतं? जिभेला हाड होतं का? वहिनींचा तरी विचार करायचा!

सरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "म्हटलं असतं हो. पण उद्या पन्हळ बांधूनही मासे मेले, तर? मी होय म्हटलंय म्हटल्यावर दुसरं कारण शोधणार कोण?" थोडं चालल्यावर म्हणाले, "आता मी बरोबर केलं की नाही, तेही कळत नाहीये." मी निळी परीक्षानळी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

शिमग्याला वहिनींचा फोन आला, की या. मी म्हटलं, पालखी येणार नाही ना? वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तर याल!" मग मला जावंच लागलं.

दुपार कलत होती. वहिनींनी अंगण सारवून रांगोळी घातली होती. सर पायरीवर बसून होते, धुतलेला सदरा घालून. ओटीचं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्याकडे बघून सर म्हणाले, "मी नको म्हटलं होतं." वहिनी म्हणाल्या, "तुमच्या नको म्हणण्याचाही नेम नसतो, म्हणून केलं." आणि आत जाऊन उगीच भांडी लावू लागल्या.

ढोल जवळ आले. वरच्या घरी पालखी नाचली, शेजारच्या घरी नाचली. मग पाखाडीच्या दगडी पायवाटेवरून, गुलालाने भरलेल्या माणसांच्या खांद्यावरून, ती सरांच्या बेड्यासमोर, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोर आली आणि सरळ पुढे निघाली. पुढच्या दांड्याला भाई होते. त्यांनी मान वळवली नाही. सर उभे राहिले, जागेवरूनच हात जोडले आणि तसेच राहिले. वहिनी दारात आल्या होत्या. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही.

वळणाशी पालखी थांबली. ढोल वाजतच होते. ती पुढे जाईना. डोलली, एक पाऊल मागे आली, पुन्हा डोलली. आमच्याकडे पालखी स्वतःच्या मनाने ओढते असं मानतात. जमिनीत पुरलेला नारळ ती शोधून काढते, तेव्हा खांदेकरी नुसते तिच्यामागे धावतात. कुणीतरी ओरडलं, "सोडा, सोडा, जाऊंद्या तिला!" आणि पालखी वळली. बेड्यातून आत शिरली आणि रांगोळी तुडवत सरांच्या अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

एकच गलका झाला. मागचे म्हणत होते, आमी न्हाय वलवली. पुढचे म्हणत होते, आमी पन न्हाय. भाई तोंडावरचा गुलाल पुसत होते. मी त्याच वेळी पुढच्या दांड्याकडे बघत होते. भाईंचा खांदा आधी आत वळला, असं मला वाटलं. पण गर्दी होती, गुलाल होता, डोळ्यांत पाणी होतं. खरं काय ते मला शपथेवर सांगता येणार नाही.

वहिनी रडत रडत ओटी भरत होत्या. आणि सर? सर वाकून सारवलेल्या अंगणात उमटलेली खांदेकऱ्यांची पावलं बघत होते. कुठलं पाऊल आधी वळलं, ते शोधत असावेत. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि कपाळावर तीच प्रश्नार्थक आठी.

"बगतोस काय खाली?" भाई खेकसले. "खांदा दे!"

सरांनी खांदा दिला. ढोल चढले. पालखीखालून त्यांनी मला ओरडून विचारलं, "मॅडम, तुम्ही तिकडून बघत होतात ना? कुणी वळवली?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कानाला हात लावला आणि ढोलात काही ऐकू येत नाही अशी खूण केली.

त्यानंतर सरांची माझी भेट झालेली नाही. पन्हळ बांधली आहे, एवढं कळलं. तिचं काय होईल ते येणाऱ्या पावसावर आहे. मला आठवतात ते अंगणात गोल फिरणारे सर. नाचण्याची सवय नाही, त्यामुळे त्यांचा पाय सगळ्यांच्या उलटा पडत होता, पालखी हिंदकळत होती, आणि पुढे भाई, मागे वळूनही न बघता, आपला पाय त्यांच्या पायाशी जुळवून घेत होते.